टायको: चंद्राच्या दक्षिणेकडचं ‘तरुण’ विवर आणि त्याचा म्हातारा शेजार

पौर्णिमेच्या चंद्राचा कुठलाही बऱ्यापैकी फोटो घ्या. आपला ससा ज्या काळ्या डागांचा बनलाय ते डाग वरच्या आणि मधल्या भागात पसरलेले दिसतील. खालचा भाग बहुतेक उजळच असतो. त्या उजळ भागात एक जागा अशी आहे, की तिथून सगळीकडे पांढरे पट्टे फुटल्यासारखे दिसतात. काही पट्टे तर चंद्राच्या पार दुसऱ्या टोकाकडे निघालेले असतात. ती जागा म्हणजे टायको विवर.

चंद्रावर नाव दिलेली विवरं दीड हजारावर आहेत. टायकोहून मोठी विवरं त्याच्या अगदी शेजारीच आहेत, एक तर अडीचपटीहून मोठं. तरी पौर्णिमेला नजर जाते ती टायकोवरच, कारण ते नवं आहे. त्याचा उजळपणा, त्याचे पट्टे, कड्याची धार, ग्रहणात तिथे टिकून राहणारी ऊब, या सगळ्याच्या मुळाशी त्याचं कमी वय आहे.

‘नवं’ हे अर्थात चंद्राच्या हिशेबाने. टायकोचं वय साधारण १० कोटी ८० लाख वर्षं धरतात. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्ह्यातून बनला तो बाहेर पडला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. म्हणजे अवकाशातून आलेला अशनी (मोठा दगड) आदळून टायको तयार झालं तेव्हा सह्याद्री नव्हता, पृथ्वीवर डायनासोर होते. त्यानंतर सह्याद्री घडला, पावसाने कापला गेला, घाट-दऱ्या पडल्या. टायको मात्र आजही कालपरवा पडल्यासारखं दिसतं. चंद्रावर पाऊस नाही, वारा नाही, नद्या नाहीत. तिथे झीज होते ती बारीक उल्कांच्या सततच्या माऱ्याने आणि सूर्याकडून येणाऱ्या कणांमुळे, आणि ती फार सावकाश होते. आजूबाजूची बरीच विवरं चारशे कोटी वर्षांच्या आसपासची आहेत. त्या गोतावळ्यात टायको शेंडेफळ आहे.

कधी आणि कुठे बघायचं

टायको चंद्राच्या दक्षिण गोलार्धात आहे, ४३ अंश दक्षिण अक्षांशाला, मध्यरेषेच्या जरा पश्चिमेला. महाराष्ट्रातून बघताना एक घोळ होतो. पौर्णिमेचा चंद्र पूर्वेला उगवतो तेव्हा त्याची उत्तर बाजू आपल्या डाव्या हाताला असते, म्हणून टायको खाली दिसत नाही, उजवीकडे दिसतं. चंद्र डोक्यावर चढून दक्षिणेकडे आला की टायको खाली येतं आणि मावळताना डावीकडे जातं. शिवाय दुर्बिणीतून चित्र उलटंही दिसू शकतं. तेव्हा दिशा पाठ करण्यापेक्षा पट्टे जिथून फुटतात ती जागा शोधावी.

आता तिथी. टायको दोन वेळा बघायला हवं, कारण दोन वेळा दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. तिथे सूर्य उगवतो तो शुद्ध नवमीच्या सुमाराला. नवमी-दशमीला सूर्य तिथल्या क्षितिजाच्या थोडासाच वर असतो, सावल्या लांब पडतात आणि विवराची खोली, कडा, मधलं शिखर असं सगळं उठून दिसतं. पौर्णिमेला ऊन जवळजवळ आपल्याच बाजूने, समोरून पडतं. सावल्या दिसेनाशा होतात, खोली कळत नाही, पण पट्टे मात्र झगझगीत दिसतात. रात्री गाडीच्या दिव्याच्या तिरक्या उजेडात रस्त्यातला बारीकसारीक खड्डाही दिसतो आणि भर दुपारी तोच खड्डा चाक आदळल्यावर कळतो, तसंच हे. म्हणून दसऱ्याला विवर बघावं आणि कोजागिरीला त्याचे पट्टे. दसऱ्याला निदान छोटी दुर्बीण हवी. कोजागिरीला साधी बायनॉक्युलर पुरते; नजर चांगली असेल तर उजळ ठिपका नुसत्या डोळ्यांनाही जाणवतो.

आत काय आहे

टायकोचा व्यास सुमारे ८५ किलोमीटर आहे. पुणे ते सातारा सरळ रेषेत मोजलं तर त्याहून जरा कमी. कड्यापासून तळ ४.७ किलोमीटर खाली आहे, म्हणजे जवळजवळ तीन कळसूबाई एकावर एक. तळाच्या मधोमध डोंगरांचा एक पुंजका आहे. तो सुमारे १५ किलोमीटर रुंद आहे आणि त्याचं टोक तळापासून २ किलोमीटर उंच आहे.

हे आकडे ऐकून डोळ्यांसमोर खोल विहीर येते, आणि सूर्योदयाच्या वेळचे फोटो ती समजूत पक्की करतात. पण ८५ ला ४.७ ने भागून बघा: टायको जेवढं खोल आहे त्याच्या अठरा पट रुंद आहे. तळाच्या मध्यावर उभं राहून (शिखर आड येत नाही असं धरून) कड्याकडे पाहिलं, तर तो बेचाळीस किलोमीटरवर असेल. चंद्राच्या पृष्ठभागाचा बाक हिशेबात धरला तर तो क्षितिजावर जेमतेम साडेपाच अंश वर दिसेल. हात लांब करून तीन बोटं आडवी धरा, साधारण तेवढाच. टायको म्हणजे पसरट परात आहे. अंतराळातून काढलेल्या चित्रांत लांब काळ्या सावल्या खोली फुगवून दाखवतात, हे चंद्राच्या बहुतेक फोटोंना लागू आहे.

मग मध्ये डोंगर आला कुठून? आदळलेला अशनी काही किलोमीटर आकाराचा असावा आणि त्याचा वेग सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटरच्या घरात. एवढ्या वेगाने आदळलेली वस्तू जमिनीत नुसती रुतत नाही. तिची ऊर्जा क्षणात मोकळी होते, म्हणजे स्फोटच होतो. म्हणून आघात तिरका असला तरी विवर बहुधा गोल होतं. धक्क्याने खडक दाबला जातो, काही वितळतो, काहीची वाफ होते, आणि बाकीचा बाहेर फेकला जातो. त्या क्षणी जो खड्डा तयार होतो तो आत्ताच्या विवरापेक्षा अरुंद आणि बराच खोल असतो. पण एवढा मोठा खड्डा स्वतःला सावरू शकत नाही. खाली दाबला गेलेला खडक उसळी घेऊन वर येतो आणि मध्ये शिखर उभं राहतं. त्याच वेळी भोवतालच्या उभ्या भिंती आत ढासळतात आणि त्यांच्या पायऱ्या होतात. टायकोच्या आतल्या उतारावर या पायऱ्या स्पष्ट दिसतात. डोंगर बनायला लाखो वर्षं लागतात असं आपण शाळेत शिकतो. हा दोन किलोमीटरचा डोंगर काही मिनिटांत उभा राहिला.

असं मधलं शिखर प्रत्येक विवराला नसतं. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार आठवा. व्यास १.८ किलोमीटर, आकार साध्या वाटीचा, मध्ये डोंगर नाही. पृथ्वीवर विवर साधारण दोन ते चार किलोमीटरच्या पुढे गेलं की वाटीचा आकार टिकत नाही, भिंती ढासळतात आणि मध्ये उंचवटा येतो. लोणार या मर्यादेच्या जरा अलीकडे राहिलं. चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश, त्यामुळे तिथे हीच मर्यादा पंधरा-वीस किलोमीटरवर जाते. टायको तिच्या कितीतरी पुढे आहे. एक फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. लोणार बेसॉल्टमध्ये, म्हणजे सह्याद्रीच्याच काळ्या कातळात आहे, आणि चंद्रावर बेसॉल्ट सापडतो तो काळ्या डागांमध्ये, म्हणजे ज्यांना सागर म्हणतात त्या लाव्ह्याच्या मैदानांत. टायको तिथे नाही. ते चंद्राच्या जुन्या, फिकट उंचवट्यांच्या प्रदेशात आहे. तिथल्या खडकात ॲल्युमिनियम आणि कॅल्शियम जास्त, लोह कमी.

मधल्या शिखराचं महत्त्व वेगळंच आहे. तिथला खडक कित्येक किलोमीटर खालून वर आलेला असतो. चंद्राच्या पोटात काय आहे हे बघायला खोल भोक पाडायची सोय अजून कुणाकडे नाही. शिखर हे ते काम फुकटात करून देतं. त्यावरून परावर्तित होणाऱ्या उजेडाचा वर्णपट तपासून कुठली खनिजं आहेत ते दुरूनही सांगता येतं.

आणि त्या शिखराच्या माथ्यावर एक धोंडा आहे. नासाच्या लुनार रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानाने टिपलेल्या चित्रांत तो दिसतो. तब्बल १२० मीटर रुंद, म्हणजे एखाद्या क्रिकेट मैदानात मावेल न मावेल असा एकच दगड, थेट डोंगराच्या टोकावर. तो तिथे पोचला कसा, याची एक शक्यता अशी, की आघातात तो वर उडाला आणि खाली येईपर्यंत त्याच्याखाली डोंगर उभा राहिला होता. दुसरी अशी, की तो उसळत्या खडकाबरोबरच वर आला आणि तिथेच राहिला. कुठलीही खरी धरली तरी तो इतकी वर्षं गडगडला नाही, हे आहेच.

तळ सपाट नाही. वितळलेला खडक तिथे साचला, थिजताना आकसला, त्याला भेगा पडल्या, आणि ढासळलेल्या भिंतींचे तुकडे त्यात अडकून राहिले. वितळलेल्या खडकाची छोटी तळी विवराच्या बाहेरही, कड्यापलीकडच्या सखल जागांत सापडतात. पौर्णिमेला टायकोभोवती एक काळपट कडं दिसतं, तेही याच काचेसारख्या थिजलेल्या खडकामुळे. उजळ ठिपका, त्याभोवती काळं कडं आणि मग पांढरे पट्टे, असा तो क्रम असतो.

पट्टे

पट्टे म्हणजे भेगा नव्हेत, डोंगरांच्या रांगाही नव्हेत. आघातात जो माल उडाला तो दूरवर जाऊन पडला, त्याचा हा सडा. हवा अडवायला नाही, खेचायला गुरुत्वाकर्षण कमी. मग सेकंदाला दीड किलोमीटर वेगाने निघालेला दगडही दोन हजार किलोमीटर जाऊ शकतो. तेवढा प्रवास करायला त्याला अर्धा-पाऊण तास पुरतो. पडताना असे दगड स्वतः छोटी विवरं पाडतात आणि खालची, ऊन न लागलेली ताजी माती वर काढतात. पट्ट्याचा उजळपणा काही अंशी त्या मातीचा असतो.

चंद्रावरची माती जुनी होते तशी काळवंडते. सूर्यवारा (सूर्याकडून येणारे कण) आणि बारीक उल्का यांच्या माऱ्याने मातीवर लोहाच्या अतिसूक्ष्म कणांचा थर चढतो आणि उजेड कमी परावर्तित होतो. म्हणून जुन्या विवरांचे पट्टे पुसले गेले. टायकोचे अजून शाबूत आहेत. एखाद्या विवराला पट्टे आहेत की नाहीत, हे बघून त्याच्या वयाचा ढोबळ अंदाज करतात तो याच कारणाने. कोपर्निकस विवराचे पट्टे अजून दिसतात, पण ते टायकोइतके लख्ख नाहीत. त्याचं वय सुमारे ८० कोटी वर्षं मानतात.

पट्टे सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत. पश्चिमेच्या बाजूला मोठी फट आहे, पूर्वेकडे रेलचेल. विवर गोल असलं तरी अशनी तिरका आला होता, आणि पश्चिमेकडून आला होता, हे या फटीवरून ओळखतात.

वय कसं काढलं

टायकोजवळ माणूस कधी उतरलाच नाही. मग १० कोटी ८० लाख हा आकडा आला कुठून? मला या विवराबद्दलची सगळ्यांत रंजक गोष्ट हीच वाटते.

डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ जिथे उतरलं ती टॉरस-लिट्रो दरी टायकोपासून सुमारे सव्वादोन हजार किलोमीटर दूर आहे. टायकोचा एक पट्टा त्या दिशेने जातो. दरीत छोट्या विवरांचा एक झुबका आहे, तो टायकोतून उडालेल्या दगडांनी पडला असावा. दरीच्या दक्षिणेच्या डोंगरावरून एक दरड कोसळून सपाटीवर पसरलेली आहे, तीही त्याच माऱ्याने सुटली असावी. यूजीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट या अंतराळवीरांनी त्या दरडीवरचे नमुने आणले. श्मिट स्वतः भूवैज्ञानिक होते, चंद्रावर गेलेले त्या पेशातले एकटेच.

आता खुबी अशी: खडक जमिनीखाली असतो तोवर अंतराळातून येणारे वैश्विक किरण त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. उघडा पडला की त्यांच्या माऱ्याने त्याच्यात निऑन, आरगॉन, क्रिप्टॉन अशा वायूंचे विशिष्ट अणू साठू लागतात. हा साठा मोजला की खडक किती काळ उघड्यावर आहे ते कळतं. दरडीतले दगड आणि झुबक्यातली विवरं यांचा हिशेब साधारण ११ कोटी वर्षांच्या जवळ आला. दरड टायकोमुळे पडली असेल, तर तेच टायकोचं वय.

या साखळीत ‘असेल तर’ आहे, आणि ते विसरू नये. त्याच दरीत भूकवचाची एक मोठी भेग आहे. चंद्रकंपानेही दरड कोसळू शकते. त्यामुळे या दरडीवर अजून अभ्यास चालू आहे. १९७२ साली तिथेच जमिनीत खुपसून काढलेली एक नळी दोन भागांत जपून ठेवली होती. तिचा वरचा भाग २०१९ मध्ये आणि निर्वात डब्यात बंद केलेला खालचा भाग २०२२ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी उघडला.

वयाचा एक स्वतंत्र पुरावा ग्रहणात मिळतो. खग्रास चंद्रग्रहणात ऊन तुटलं की चंद्राची धूळ झपाट्याने गार होते, तासाभरात शंभर अंशांहून जास्त. १९६० च्या ग्रहणात अवरक्त किरणांनी मोजमाप केलं तेव्हा टायको भोवतालच्या जमिनीपेक्षा बरंच उबदार निघालं. तिथे ज्वालामुखी वगैरे काही नाही. मोठे दगड उष्णता धरून ठेवतात, धूळ धरत नाही. आणि टायकोत दगड अजून दगडच आहेत. जुन्या विवरांत उल्कांनी कुटून त्यांची भुकटी केली आहे.

सर्व्हेयर ७ आणि प्रज्ञान

माणूस गेला नसला तरी यंत्र गेलंय. १० जानेवारी १९६८ ला नासाचं सर्व्हेयर ७ टायकोच्या उत्तर कड्याबाहेर तीसेक किलोमीटरवर, फेकल्या गेलेल्या मालाच्या खडबडीत थरावर उतरलं. आधीची यानं अपोलोसाठी सपाट जागा हुडकत होती. हे शेवटचं म्हणून शास्त्रज्ञांना हवी ती जागा मिळाली. त्याने २१ हजारांवर चित्रं पाठवली. पृथ्वीवरून सोडलेले लेझरचे झोतही त्याच्या कॅमेऱ्याने टिपले.

त्याच्यावर मातीतली मूलद्रव्यं ओळखणारी एक पेटी होती. क्युरियम या किरणोत्सारी मूलद्रव्यातून निघणारे अल्फा कण मातीवर सोडायचे आणि परत काय येतं ते मोजायचं, असं तिचं काम. ती पेटी जमिनीवर उतरेचना, मध्येच अडकली. मग पृथ्वीवरून हुकूम देऊन यानाच्या खोदकाम करणाऱ्या हाताने तिला दाबून खाली बसवलं. पुढे त्याच हाताने ती उचलून दुसरीकडेही ठेवली. उंचवट्यांच्या प्रदेशात लोह कमी आणि ॲल्युमिनियम जास्त, हे जागेवर जाऊन मोजलं गेलं ते पहिल्यांदा इथे.

त्यानंतर साडेपंचावन्न वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, चंद्रयान-३ च्या प्रज्ञान बग्गीने ६९ अंश दक्षिणेला साधारण याच जातीचा प्रयोग केला. स्रोत पुन्हा क्युरियमच, फक्त या वेळी अल्फा कणांबरोबर क्ष-किरणही वापरले आणि पेटी चाकांवर होती. उत्तर जुळतं आलं: दक्षिणेकडच्या उंचवट्यांवर ॲनॉर्थोसाइट जातीच्या फिकट खडकाचं राज्य.

नाव आणि शेजार

टायको ब्राहे हा डेन्मार्कचा खगोलशास्त्रज्ञ, १५४६ ते १६०१ या काळातला. दुर्बिणीचा शोध लागण्याआधी नुसत्या डोळ्यांनी, मोठमोठी उपकरणं वापरून त्याने ग्रहांच्या जागा इतक्या काटेकोर मोजल्या, की त्यांच्याच जोरावर केप्लरने ग्रहांच्या कक्षांचे नियम शोधले. १६५१ मध्ये रिचोली या इटालियन जेझुइट पाद्र्याने चंद्राच्या नकाशावर नावं घातली, त्यांतली बरीच आजही चालतात. रिचोलीला कोपर्निकसच्या सूर्यकेंद्री रचनेपेक्षा टायकोची, पृथ्वी मध्यभागी ठेवणारी विश्वरचना जवळची होती, त्यामुळे सगळ्यांत झळकणारं विवर कुणाला मिळालं यात आश्चर्य नाही. टायकोचा मदतनीस लाँगोमाँटेनस याला नैऋत्येला जागा मिळाली आहे.

दशमीला दुर्बीण लावलीच आहे तर टायकोवरून दक्षिणेकडे सरका. ग्रेगरियन कॅलेंडर बसवणाऱ्या क्लेव्हियसच्या नावाचं प्रचंड विवर तिथे आहे, व्यास २३० किलोमीटरच्या आसपास. ते टायकोहून कितीतरी जुनं आहे. त्याची कडा झिजलेली, आणि पोटात नंतर पडलेली विवरं एका कमानीत, मोठ्याकडून लहानाकडे अशी ओळीने बसलेली. दुर्बीण कशी आहे हे तपासायला लोक यातली किती दिसतात ते मोजतात. २०२० मध्ये सोफिया या विमानावरच्या दुर्बिणीने उन्हातल्या क्लेव्हियसच्या मातीत पाण्याचे रेणू ओळखले. प्रमाण दहा लाख भागांत शंभर ते चारशेच्या दरम्यान, म्हणजे आपल्या वाळवंटातल्या वाळूहूनही कोरडं. टायको आणि क्लेव्हियस यांच्यामध्ये, किंचित पूर्वेला मॅजिनस आहे. तेही टायकोच्या जवळजवळ दुप्पट रुंद, पण इतकं झिजलेलं, की पौर्णिमेला ते टायकोच्या पट्ट्यांखाली पार हरवतं. ते बघायचं तर अष्टमी-नवमीच गाठावी लागते.